एक जूनचा केक

गुरुजींनी एक जून लिहिलं, ते एक बरं झालं.
आमच्या वर्गातले एकोणीस जण त्याच दिवशी जन्मले,
मीही, खऱ्यापेक्षा सहा महिने आधी.
पुढं साताऱ्याला जिल्हा परिषदेत लागले
तर दर एक जूनला आम्हा सात जणांत मिळून
पोवई नाक्यावरून एक केक यायचा.
मी तो मनापासून खायची. वरची चेरीसुद्धा.
त्या तारखेला आमच्याकडं कुणी जन्मलं नव्हतं,
कुणी गेलंही नव्हतं.

खरी तारीख तृप्तीनं काढून घेतली,
माझ्या भावाला फोन करून.
अकरा डिसेंबर.
"आई, एवढं काय लपवायचं त्यात?"

लपवलं नाही गं.
पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात
ती तारीख कुणाला सांगावी लागत नाही.

सदुसष्ट साल. आईच्या कळा रात्रीपासूनच.
पहाटे भूकंप झाला तेव्हा तिला वाटलं,
हे हलणं आपलंच आहे.
बायकांनी तिला ओढत गोठ्यामागं आणली,
वैरणीच्या गंजीला टेकवली. उजाडता मी झाले.
मी रडले, पण सगळी आळी रडतच होती,
माझं वेगळं असं काही ऐकू आलं नाही.
दप्तरात त्या दिवसाचं पान मयतांनीच भरलं.
माझी नोंद राहून गेली.

नाव शालन. हाक मात्र हादरी.
हादरे, पाणी आण. हादरे, म्हस सोड.
वाईट मनानं कुणी म्हणायचं नाही.

पत्र्याच्या शेडीत वाढले.
तिथी कुणाच्या ध्यानात राहणार, तारीखच धरलेली.
त्या दिवशी ओळीतल्या प्रत्येक चुलीवर खीर,
पहिलं पान कावळ्याला.
आणि सकाळीच हौसाकाकू आमच्या दारात,
मुठीत गुळाचा खडा.

तिचा अंकुश भिंतीखाली गेला, अडीच वर्षांचा.
ती मला चौकटीला उभी करायची,
डोक्यावर तळहात टेकवायची,
मग तळहात तसाच आडवा धरून
चार बोटं वर न्यायची
आणि तिथं, हवेत, थांबायची.
"हितवर आला असता."

मी दुसरीत, तर तो चौथीत.
मला न्हाण आलं, तर त्याला मिसरूड.
मी किती वाढले तरी चार बोटं कमीच.
एका वर्षी काकू माहेरी अडकली, आली नाही,
तर मी दिवसभर चौकटीपाशीच घोटाळत राहिले,
सोडून आत जाता येईना.
माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणाली,
"आता त्याचंबी बघाय पायजे,"
आणि हसली,
आणि माझ्या हातावरचा गूळ
तिनंच उचलून खाल्ला.

तिला जाऊन तेवीस वर्षं झाली.
मोजणारं दुसरं कुणी नाही.

मे महिन्यात निवृत्तीचे कागद करताना
अर्ध्या फॉर्मवर पेन थांबलं माझं.
अंकुश अडीच वर्षांपूर्वीच सुटला असता.
कुठं लागला असता तो? एस.टी.त?
बहुतेक एस.टी.तच. कराड डेपोला.
गुडघे धरले असते एव्हाना.

हे सगळं केक कापायच्या आधी
कुणाला कसं सांगायचं?
पाच आणि आठ, दोन मेणबत्त्या पेटलेल्या,
विहान टेबलावर चढून बसलेला,
"आज्जी, फुंक ना!"
फुंकले.
केक चांगला होता. बिनअंड्याचा.

तृप्तीनं फोटो काढला, सगळ्यांना पाठवला.
त्यात मी हसतेय, नीट हसतेय,
फक्त उजवा हात डोक्याच्या थोडा वर गेलाय.
तिला वाटलं, मी पदर सावरतेय.