हजेरी

शटडाउनच्या महिन्यात रुवैसच्या कॅम्पात
एकोणीसशे माणसं झोपतात.
मी टाइमकीपर. माझ्याकडे अंगठ्याचं मशीन,
आणि ज्यांचा अंगठा मशीनला दिसत नाही
त्यांच्यासाठी एक वही.
वेल्डर, ब्लास्टिंगवाले, सिमेंटवाले,
रेघा कधीच घासून गेलेले.
पुन्हा ठेवा, मशीन म्हणतं,
बाईच्या आवाजात, आधी अरबीत.

गेटवरचा एनोस युगांडाचा, किसोरोकडचा.
पूर्वी जंगलात माग काढायचा.
पाहुणे तंबूत साखरझोपेत असताना
हा निघायचा
काल रात्रीची घरटी शोधायला.
गोरिला रोज नवं अंथरूण करतो, म्हणाला,
फांद्या मोडून, पानं अंगाखाली दुमडून,
आणि सकाळी तिथेच टाकून जातो.
घरटी मोजायची. लीद हातात घेऊन बघायची.
ऊब असली तर जवळ आहेत.
मग वॉकीटॉकीवर खाली कळवायचं,
पाहुण्यांना चहा पाजा आणि निघा.

"आणि ओळखायचे कसे?"
"नाकावरून. नाकपुड्यांवर वळ्या असतात,
प्रत्येकाच्या निराळ्या. त्या झिजत नाहीत."
हे बोलताना तो माझ्या वहीकडे बघत होता.

फेब्रुवारीत लिंडक्विस्टसाहेब रजेवरून आले,
टाचेला फोड, चेहरा धुतल्यासारखा.
गेटवर गाडीची काच खाली केली.
"चार रात्री कॅम्पात होतो," म्हणाले,
आणि आम्ही दोघं क्षणभर चुकलो.
पांघरुणात गरम पाण्याची पिशवी,
आणि मग तो एक तास, एकच,
मास्क लावून, दहा मीटरवरून.
त्या तासाचा परवाना केवढ्याला, ते त्यांनी सांगितलं नाही.
एनोसला पाठ होतं. त्याचा अडीच महिन्यांचा पगार.

त्यांनी फोन पुढे केला.
एनोसनं टोपी काढली,
दोन बोटांनी नाक मोठं केलं.
"रुतोझो," म्हणाला.
"मी निघालो तेव्हा आईच्या पाठीवर होता.
आता याचीच पाठ पांढरी झाली."
साहेब खूश झाले. हिशेब त्यांनी केला नाही.
माझा तो धंदाच आहे.
बारा वर्षं.

मग पुढचा फोटो.
त्यात कडेला एक हात होता,
साहेबांना चिखलातून वर ओढणारा,
कोपरापाशी कापला गेलेला.
मनगटावर काळं घड्याळ,
इथल्याच वीस दिरहमच्या दुकानातलं.
ते घेताना मी सोबत होतो.
भाऊ ओझी वाहतो, म्हणाला होता,
पाण्यात चाललं पाहिजे.

हात त्यानं मोठा केला नाही.
फोन परत दिला, सलाम ठोकला,
बॅरिअर उचललं.

रात्री समुद्रावरून धुकं आलं.
रिफायनरीची ज्वाळा
ओल्या कापसात ठेवल्यासारखी दिसत होती.
पावणेचारला माणसं उठवायची ड्यूटी एनोसची.
एरवी पत्र्यावर काठी वाजवतो.
आज सी ब्लॉकच्या दारात उभा राहिला
आणि पोटातून एक आवाज काढला,
खाकरल्यासारखा, ढेकर दिल्यासारखा, दोनदा.
मला शिकवला होता त्यानं एकदा, मेसमध्ये, डाळभातावर.
अर्थ एवढाच, मी आहे,
घाबरू नका, खात राहा.

बारा बंक, बारा चादरी.
कुणी शिवी दिली नाही.
वरच्या बंकवरून परळीचा दिगंबर फिटर
डोळे न उघडता, भिंतीकडे तोंड करून
तसाच दोनदा हुंकारला.

एनोस आत गेला. बोटानं मोजत गेला.
अकरा.
खिडकीखालच्या रिकाम्या गादीवर
त्यानं तळवा ठेवला, थोडा वेळ.
"गरम आहे," म्हणाला. "लांब गेला नाही."

मी वही उघडली
आणि त्या नावापुढे, माणूस न बघता,
हजर लिहिलं.