डाव्या कानाला दोन खाचा

नाळेचं रक्त स्कूटरवरून आलं.
बर्फाच्या पेटीत, हाताच्या तळव्याएवढी पिशवी,
वर चिकटपट्टी: मुलगा, ३.१ किलो, संमती घेतली आहे.
नाव नाही. नाव आम्हाला कळू नये असाच नियम.
वेळ मात्र होती, पहाटे चार वीस,
आणि फतेगंजच्या पुलावर तेव्हा
कुणाचा बाप रिक्षा शोधत असेल, एवढं मनात आलंच.

माणसाचा हा विषाणू उंदराला लागत नाही.
कितीही टोचा, ओळखच दाखवत नाही.
म्हणून उंदराला आधी थोडं माणूस करावं लागतं.
जन्मतःच प्रतिकार नसलेली मादी घ्यायची,
तिच्या हाडांत किरणांनी जागा रिकामी करायची
आणि नाळेतल्या पेशी तिथे राहायला पाठवायच्या.
बारा आठवड्यांनी थेंबभर रक्त काढलं
तर दर तीन पांढऱ्या पेशींतली एक
करेलीबागची की मांजलपूरची,
कुणाच्या तरी मुलाची.

आमच्यात विचारतात, तुमची नाळ कुठे पुरली?
आई दांडिया बाजारात जन्मली, इथेच म्हातारी झाली,
तरी सांगते, "वाईकडे, आमचं मूळ तिकडचं."
वाई तिने पाहिलेली नाही.
या मुलाची नाळ कुठे आहे ते मला माहीत आहे.
उंदीरघर, दुसरी मांडणी, पिंजरा सतरा,
डाव्या कानाला दोन खाचा.

आईला सांगितलं, नागिणीच्या कुळातलाच आहे हा.
नागीण तिला ठाऊक.
मावशीच्या कमरेवरचं अंतर ती रात्रभर बोटांनी मोजत बसली होती,
तोंड नि शेपूट जुळतंय का बघत.
"मग हाही वेढा घालतो?"
नाही. हा पांढऱ्या पेशीत शिरतो आणि निजतो.
तुझ्यात आहे, माझ्यात आहे,
तुझ्या हळदीकुंकवाच्या दहाजणींतल्या नऊजणींत आहे.
"मग आम्हाला गाठ कशी नाही?"
त्याचाच तर पगार मिळतो, आई.
तोही तीन महिन्यांनी.

मफतकाका पिंजऱ्यांत भुसा बदलतात.
चतुर्थीला गल्लीतल्या गणपतीचा मोदक खिशात असतो,
आत न्यायला मनाई, म्हणून दाराबाहेर ठेवतात.
तो बाहेरचे उंदीर खातात,
ज्यांच्यावर कुणी काही लिहीत नाही.

आठव्या आठवड्यात म्हणाले,
"बेन, आ सत्तरवाळी खाती नथी."
सत्तर म्हणजे सतरा.
पुण्याहून आलेला पोरगा दरवेळी सत्तर नंबर शोधत फिरतो.
केस पिंजारलेले, पाठीला कुबड,
एकवीस ग्रॅमची सतरा झालेली.

पाणथरी तिप्पट. वर पांढरे ठिपके,
खसखस सांडल्यासारखे.
मी मोजले. मला आनंद झाला.
हे वहीत लिहायला रकाना नाही.

शेजारच्या अठरामध्ये तिची जोडीदारीण.
तीच नाळ, तोच विषाणू, तेवढाच डोस,
आणि ती मजेत दाणे कुरतडत होती.
तिलाही त्याच दुपारी घ्यावं लागलं.
काही झालं नाही, हे लिहायचं
तर आत उघडून बघावं लागतं.
बघितलं. काही झालं नव्हतं.

डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे.
आम्ही उंदीर पोखरतो.
डोंगर अजून दिसायचा आहे.

संध्याकाळी हात धुताना हिशेब केला.
चार वीसच्या त्या पहाटेला सहा महिने झाले.
आमच्यातला असेल तर त्याचं उष्टावण जवळ आलं.
चांदीची वाटी, मऊ भात,
मामाची मांडी.
कुणीतरी घास आधी आपल्या ओठांना लावून बघेल,
कढत तर नाही ना,
मग त्याच्या तोंडात देईल.