साडेनऊपर्यंतचा दिवस

रिवणला डिसेंबरात दिवस सहाला संपतो.
आमच्या मळ्यात मात्र तो साडेनऊपर्यंत ताणायचा असतो.
बेचाळीस दिवे, एक खटारा जनरेटर
आणि बटन दाबायला इनास.

पहिल्या वर्षी लोक विचारत आले,
जत्रा कुणाची? नाटक कधी?
इनास म्हणाला, मक्याला फसवतोय.
त्याला वाटलं पाहिजे की आपण पार उत्तरेला आहोत,
जिथे उन्हाळ्यात संध्याकाळ लवकर येतच नाही.

आणि मका फसतो.
दिव्यांखाली पानामागून पान काढत बसतो,
उंच, हिरवागार, बेफिकीर,
वेळ आहे, अजून वेळ आहे.
पलीकडे अंधारातला त्याचा सख्खा भाऊ
साठाव्या दिवशी तुरा काढून मोकळा.

मी सकाळी वही घेऊन फिरते.
चौदाशे धाटं. त्यातली मला पन्नासेक हवीत,
दिव्यांना न जुमानणारी:
बुटकी, कणीस गुडघ्याशी, मिशा विस्कटलेल्या.
त्यांच्या तुऱ्यांवर कागदी पिशव्या चढवते, तारीख घालते.
पराग घामट मनगटाला चिकटतो, खाजतो.

ज्यांच्यापाशी वाटसरू थांबून बघेल
ती उंच धाटं इनासच्या गाईंना.
"आमच्यात बियाण्याला सगळ्यात थोर कणीस ठेवतात, बाय.
तुमचं हे उलटंच."
तिथे सप्टेंबरातच दव गोठतं, मी सांगते,
थोराला पिकायला सवड नाही.
गोठलेलं दव आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही.
बर्फ म्हणजे बांगड्यांच्या पेटीतला.

सातवी पिढी ही. एक्क्याऐंशी दिवसांवरून बासष्टवर आलोय.
वाटेत काही सुटलंही असेल,
त्याचा रकाना वहीत नाही.

काल पावणेदहा झाले तरी दिवे चालूच.
इनास पंपाच्या खोलीमागे, हातात फोन, बोलणं संपलेलं.
"झेल्मा होती. स्विंडनहून.
जूनमध्ये म्हणायची, पप्पा, साडेनऊला लख्ख उजेड, झोपू कशी?
आता म्हणते, चारलाच काळोख."
मग?
"मग काय. सवय झाली म्हणते."

तो दिव्यांकडे बघत राहिला.
"तुमच्या मक्याला किती लागल्या, सात?"
सात.
"तिची पहिलीच."

बटन दाबलं. जनरेटर थांबल्यावर कळलं
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

घरी येऊन नोंद केली:
आजचा दिवस पंधरा मिनिटं जास्त.
कारण —
ती जागा कोरी ठेवली.