फट

जव मी मार्केट यार्डातून आणले.
हळदीच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "पूजेला काय?"
मी हो म्हणालो. दहा किलोची पूजा.

पोत्यावर पसरून गच्चीत मोड आणले.
चार दिवस घराला काकडीचा वास.
एप्रिलच्या उन्हानं पुढचं काम फुकटात केलं.
दाणे वाळले, चावले की गोड लागायला लागले,
आणि मग मी अडकलो. भरडायचं कशात?

मिक्सरनं पीठ केलं.
पिठाची पातेल्यात खळ झाली,
फडक्यातून थेंब खाली उतरेना.
पाचुंब्र्यांच्या गिरणीत पिशवी नेली,
त्यांनी हुंगली आणि परत हातात दिली,
"आमच्या गव्हाला वास लागंल."
मक्याची हातचक्की आणली, तिनं अर्धे दाणे सोडले,
अर्ध्यांची रांगोळी केली.
दोन किलोत खांदा गेला.

शेवटी कुपवाडला, एमआयडीसीत,
दस्तगीर नदाफच्या लेथपाशी उभा राहिलो.
म्हटलं, दाणा फुटला पाहिजे पण साल फाटायला नको.
सालीतूनच पुढं रस गाळायचाय.
तो कार्बाईडची टीप तपासत म्हणाला,
"म्हणजे चोरी करायची, पण कुलूप मोडायचं न्हाई."

कसला रस, ते त्यानं विचारलं नाही.

विट्याच्या एका मेलेल्या रसवंतीचे
दोन रोलर त्याच्याकडं कोपऱ्यात पडून होते.
दातांच्या खाचा खोल, उसाच्या मापाच्या.
त्या त्यानं छाटल्या, वर बारीक नर्लिंग मारलं.
पहिल्या कटाला मला गुळाचा वास आला.
"कूलंटचा हाय," तो म्हणाला.

फट किती ठेवायची यावर एक अख्खा चहा.
मी म्हणालो एक मिलिमीटर. तो म्हणाला, सव्वा.
"आधी ढिली ठेवू. आवळता कधीबी येतंय."
बेअरिंगखाली सरकता बुश घातला,
फीलर गेजची पाती एकेक करून आत सारली,
डॉक्टर जीभ दाबून घसा बघतो तशी.

मोटार मिरजेच्या भंगारातली, अर्धा एचपी,
कुठल्याशा बेकरीत कणीक मळलेली,
मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे.
"या वेगात दाणा दाणा राहणार न्हाई, धूर हुईल."
खडूनं जमिनीवर हिशेब मांडला:
मोटारीला दोन इंची पुली, रोलरला चौदा,
सातातला एक वेग उरतो.
वर तेलाचा पंधरा किलोचा डबा, बूड कापलेला.
पट्ट्यावर पत्र्याचं झाकण, ते मात्र त्यानं
माझी बोटं बघून स्वतःहून बसवलं.

बटण दाबलं.
दाणे रोलरवर नुसते नाचायला लागले,
एकही खाली जाईना.
मी घाबरलो. दस्तगीर हसून हसून स्टुलावर बसला.
"उलटी फिरतीय ओ."
वायंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली.

मग आवाज बदलला.
भडंगाचा घास कुणीतरी
तोंड मिटून, सावकाश चावतंय तसा.
घमेल्यात भरड जमत गेली.
त्यानं मूठभर घेऊन फुंकर मारली,
साली उडाल्या, आख्ख्या, आतून रिकाम्या.
चिमूटभर जिभेवर ठेवली.
"गोड हाय की. मग नासवताय कशाला?"
याला मला आजही उत्तर नाही.

बिलावर त्यानं लिहिलं: भरडणी यंत्र, नग एक.

आता महिन्यातून एकदा, रविवारी,
उकळून गाळून उरलेला चोथा
झाकणाच्या बादलीतून त्याच्या शेळ्यांना नेतो.
बाटलीत काय उतरलं ते तो विचारत नाही.
(पहिलं आंबट होतं. दुसऱ्याचं मी सांगत नाही.)
तो बादलीत हात घालतो, कोपरापर्यंत,
चोथा बोटांत चोळतो, थांबतो.

"चार दाणे आख्खे आल्यात.
बुश सरकलाय. पाव आटा आवळा."

शेळी त्याच्या हातातले ते चारही खाते.