हंगामी पूल

वाल्दिव्हियात, नदीकाठच्या तळघरात
माझं काम मोडण्याचं.
आगकाडीपेक्षा आखूड पट्ट्या,
काही ॲक्रिलिकच्या, काही बिस-ॲक्रिलच्या,
सदतीस अंशांच्या पाण्यात दहा दिवस भिजवलेल्या.
(तोंडाचं हे आमचं सोंग.)
दोन आधारांवर आडवी ठेवायची,
मधोमध वरून दाब उतरवायचा
आणि थांबायचं.

ॲक्रिलिक आधी वाकतं,
सांगून-सवरून जातं.
बिस-ॲक्रिल ताठ. शेवटपर्यंत ताठ.
मग टक्.
वहीत आकडा: एक्याऐंशी. त्र्याण्णव.
चौसष्ट, ह्यात बुडबुडा राहिला होता,
कालवताना माझाच हात घाईत.

परवा डॉक्टर आन्सेल्मोनं टेबलावर कागदाची पुडी ठेवली.
आत तीन दातांचा पूल, हंगामी,
चहाच्या गाळासारखा पिवळा.
"दोन्या एर्मिन्दाचा," म्हणाला,
"चिलोएपलीकडच्या बेटावरची.
सहा आठवडे, फक्त सहा, म्हणून
दाताच्या कण्या करून सांगितलं होतं मी तिला."
आणि आपल्याच बोलण्यावर हसला नाही.

सहा आठवड्यांनी बोटीचं इंजिन गेलं.
मग निधी गेला.
मग डॉक्टरचीच बदली झाली.
चाकाओवरचा पक्का पूल अजून खांबांतच उभा होता
आणि तिच्या तोंडातला हा कच्चा
चार हिवाळे वाहतूक सोसत होता:
शिंपले, धुरावलेलं मांस, बटाट्याच्या गरम भाकऱ्या,
नवऱ्याच्या प्रेतयात्रेत आवळून धरलेला जबडा.
दोनदा निखळला.
दोनदा तिनं फडकं चावून परत बसवला.

भिंगाखाली धरला.
चावायची बाजू घासून सपाट,
सांध्यात केसाएवढी चीर, अर्ध्यावर येऊन थांबलेली.
पुढच्या दाताला एक खाच,
गोल, गुळगुळीत, कुणी कानशीनं घासावी तशी.
मला वाटलं, साच्याची चूक.

"लोकर," आन्सेल्मो म्हणाला.
"ती सूत कातते. धागा दातानं तोडते."

यंत्र मोकळंच होतं.
पूल आधारांवर ठेवलासुद्धा,
नीट बसेना, कमानीत वाकडा,
आमच्या पट्ट्यांसारखा सरळ तो कधी नव्हताच.
दाबाची पाती खाली आणली, टेकण्याआधी थांबवली.
वहीत लिहिलं:
चार हिवाळे. मोडला नाही.
खाली, बारीक अक्षरात, कारण वही खोटी नको:
चाचणी केली नाही.

शनिवारी ती स्वतः आली, नातवाचा हात धरून,
तोंडात नवा झिर्कोनियाचा, चकचकीत, जन्मभराचा.
कसा आहे, मी विचारलं.
"देखणा आहे," म्हणाली. "पण धागा सटकतो.
खाच कधी पडते ह्याला?"

नाही पडणार, दोन्या, असं सांगायला तोंड उघडलं
आणि पुडी तिच्या हातात दिली.