चौऱ्याऐंशी रुपये

नंदुरबारच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि जमीनच लाल होते,
त्या पथारीवर मी देठ खुडते.
सकाळी आठपासून. तोंडाला ओढणी, डोक्याला टॉवेल,
एक पाटी लालबुंद, एक पाटी फटकी,
शेजारी दगूबाई, तिच्या शेजारी तिची सून,
आणि सगळ्यांना मिळून एकच खोकला.

शनिवारी भटू मुकादमाने आठवड्याची वही वाचली:
युनिस गावित, दोनशे सत्तावीस किलो.
माझे दोनशे पंधरा होते. मला माहीत होतं.
बारा किलो दगूबाईचे, तिच्या रेषेवरून घसरून
माझ्या नावापुढे आलेले.
सात रुपयांनी चौऱ्याऐंशी.
मी अंगठा देत नाही, सही करते. मिशनच्या बोर्डिंगात शिकले.
सही केली. सुबक.

घरी येताना शमुवेलला
बिस्किटांचा पुडा घेतला, थोडं तेल घेतलं.
देवाला विसरले असं नाही.
रविवारी दानाच्या थैलीत त्यातलेच दहा टाकले,
नोट घडी करून, आकडा आत जाईल अशी.

वळवी पाळक वचन वाचत होते. काय वाचलं, आठवत नाही.
मग तबक फिरत आलं. आमच्याकडे
बोटभर काचेचे पेले असतात, प्रत्येकाला वेगळा.
रस गोड होता.
काठाला मात्र माझीच बोटं लागली होती,
तीन वेळा साबणाने, एकदा ताकाने धुतलेली,
तरी ओठ पेटले, डोळ्यांत पाणी आलं.
शेजारच्या मार्थाकाकूंना वाटलं, मी प्रभूसाठी रडतेय.
त्यांनी रुमाल दिला.
मी घेतला.

सोमवारी चौऱ्याऐंशी मोजायला बसले तर भरेनात.
तेल परत होत नाही. बिस्किटं तर नाहीतच.
याकोबला सुरतला फोन लावला.
तो म्हणाला, चूक मुकादमाची, तुझी कशी?
मग थोडा वेळ गप्प. मागे मागाचा खडखडाट.
मग म्हणाला, कोठीत बघ, गव्हाच्या खाली.

गव्हाच्या खाली शंभराची नोट.
मला न सांगता ठेवलेली. त्याबद्दल नंतर बोलू.

दगूबाईने ती उन्हात धरून पाहिली.
कनवटीतून सोळा रुपये काढून परत दिले, एकेक नाणं मोजून.
मग म्हणाली,
"तुना देव दोन रात जपेल व्हता का व माय?"
सून हसली. भटूही हसला.

मला उत्तर सुचलं होतं.
दोन रात्री दगडाआड निजणं त्याला नवं नाही,
असं काहीतरी म्हणता आलं असतं
बोर्डिंगात शिकलेल्या बाईला.
पण झोप त्याची नव्हती.
आणि मी तर दोन्ही रात्री टक्क जागी होते.

त्या दिवसापासून दगूबाई तिची पाटी जरा लांब ठेवते.
वही वाचताना भटूच्या पेन्सिलीवरून नजर हलवत नाही.
बरोबर करते.
मीही बघते आता. आधी तिच्या रेषेकडे.

रात्री शमुवेल म्हणतो, आई, पाठ खाजव.
या हातांनी कशी खाजवू?
मी कोपराने खाजवते.
तो म्हणतो, खाली, अजून खाली, तिथे नाही गं,
आणि हसत सुटतो.
निजताना त्याला हात जोडायला सांगते.
तो जोडतो, छोटे, गार.
माझे मी पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवते.
आमेन म्हणेपर्यंत
पाणी कोमट झालेलं असतं.