दीड मीटर

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत
संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या.
मी चावी घेते, पाण्याची बाटली, चिल्लर दिरहम,
मग तिच्या दंडावर बॉलपेनाने नंबर लिहिते,
शून्य पाचपासून.
तिला गुदगुल्या होतात,
सातचा आकडा दर वेळी वाकडा जातो.

मुक्ता अडीच वर्षांची.
उंची म्हणाल तर लँड क्रूझरच्या बॉनेटला
अजून एक वीत कमी.
म्हणजे चालवणाऱ्याच्या लेखी ती
नाहीच.

बूट मुद्दाम वाजणारे घेतले. पाऊल पडलं की चुंय.
खालच्या मजल्यावरची उम्म सालेम लिफ्टमध्ये
हसत हसत कानांवर हात ठेवते.
मला मात्र त्याची सवय झालीय,
पाठमोरी असले तरी कळतं
पोर ओट्याशी आहे की दाराशी.

आणि पट्टा.
निळा. तिच्या मनगटापासून माझ्या मनगटापर्यंत.
लांबी दीड मीटर, पाकिटावरच छापलेली.
तुळपुळेबाई म्हणाल्या,
"नाव मुक्ता, आणि बांधलीय कुत्र्यासारखी!"
सगळे हसले. मीही हसले.
दुसऱ्या दिवशी पट्टा कपाटातच राहिला.

तो गुरुवार.
फुटपाथ संपतो तिथून वाळूचं पार्किंग लागतं,
कुणीही कुठूनही गाडी घालावी असं.
एका हातात ती, दुसऱ्यात पिशवी.
मेथीची जुडी घसरली, एवढंच.
वाकले. उचलली.
चुंय चुंय चुंय
आणि मग नाही.

हाक मारायला तोंड उघडलं तर
नावच आठवेना. पोटच्या पोरीचं नाव.
गुडघे टेकले, गाड्यांच्या खालून पाहिलं:
टायर, टायर, फुटकी बादली,
टायर, मांजर,
दोन लाल बूट.

पिकअपच्या मागे उकिडवी बसून
ती मांजराला खडा देत होती. घे. घे ना.
पिकअपचे मागचे पांढरे दिवे लागले.

एका डिलिव्हरीवाल्याने मोटारसायकल आडवी घातली,
पिकअप आणि पोरीच्या मधे जेवढी जागा होती
तेवढ्यात.
हॉर्नवर तळवा दाबून धरला तो सोडलाच नाही,
मी पोचेपर्यंत,
पिकअपवाला शिव्या देत उतरेपर्यंत,
आणि त्याला ती दिसेपर्यंत.
मग तो म्हातारा डोकं धरून
तिथेच वाळूत बसला.

पेटीतलं कुणाचं तरी जेवण सांडलं होतं.
मी पाकीट उघडलं, तर त्याने घड्याळ दाखवलं,
"लेट हो गया, बाजी," म्हणाला आणि गेला.
पेटीचा रंग आठवतो. चेहरा,
खूप प्रयत्न केला, नाही आठवत.

रात्री सोलापूरला फोन. रडून झाल्यावर
आईला पट्ट्याचं सांगितलं.
"अगं, तुला मी लुगड्याच्या पट्टीने ट्रंकेला बांधायची,
विड्या द्यायला जाताना.
गाठ पाठीवर. पुढं बांधली की सोडवायचीस, चाबरी.
मुकादम मोजून घेईस्तोवर दुपार व्हायची."
कुणी बोललं नाही तुला?
"बोलायचे की. बोलणाऱ्यांना सांगायची,
या मग, बसा हिच्यापाशी.
कोण बसतंय?"

किती लांब होती गं, ती पट्टी?
पलीकडे पंख्याचा आवाज.
"स्टोव्हपाशी पोचू नये एवढी.
दारापर्यंत यायचीस.
मी परतायची तेव्हा दारातच असायचीस तू, ताणून धरलेली."

आंघोळीत नंबर गेला, सात तेवढा राहिला.

आज लिफ्टमध्ये तुळपुळेबाई होत्या.
त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं,
मी मजल्यांच्या आकड्यांकडे.

सिग्नलला आम्ही उभ्या आहोत.
लाल माणूस हिरवा व्हायचा आहे.
मुक्ता मागे न बघता पट्ट्याला झटका देते,
मी आहे का बघायला.
मी एक परत देते, हलकाच.
ती पुन्हा.
मी पुन्हा.